सातव्या क्रमांकाची निवड : १९९६ च्या ड्राफ्टमध्ये पॅट्रियट्सचं नेमकं काय चुकलं?

२० एप्रिल १९९६. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड, सुरू होता आणि न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडे सातवी निवड होती. मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांना बचावफळीत पुढे खेळणारा माणूस हवा होता. टेक्सास विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह एंड टोनी ब्रॅकन्स त्यांच्या मनात होता आणि त्यासाठी सातवरून खाली सरकायचीही त्यांची तयारी होती. खेळाडू-निवड विभागाचे प्रमुख बॉबी ग्रिअर यांना ओहायो स्टेटचा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) टेरी ग्लेन हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी ग्रिअर यांच्या बाजूने कौल दिला आणि ग्लेनचं नाव पुकारलं गेलं. नऊ महिन्यांनी हाच संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात खेळला, आणि त्यानंतर पाचच दिवसांत पार्सेल्स यांनी क्लब सोडला.

हे प्रकरण बहुतेकदा ‘मालकाने कोचच्या कामात नाक खुपसलं’ अशा एका ओळीत संपवलं जातं. ते तितकं सरळ नाही. क्राफ्ट यांचा निर्णय चुकीचा नव्हता, निर्णयाची पद्धत चुकीची होती. पार्सेल्स यांची मागणीही अवाजवी नव्हती, पण ती ज्या खेळाडूच्या नावावर आणि ज्या क्रमांकावर अडून बसली ते चुकलं. ड्राफ्टमध्ये कोचचा शब्द किती चालावा, हा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण आहे.

हे अमेरिकन फुटबॉल आहे हे आधी स्पष्ट केलेलं बरं. आयपीएलच्या लिलावात पैसा मोजणाऱ्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये क्रम ठरलेला असतो. आदल्या हंगामातल्या सगळ्यात दुबळ्या संघाला पहिली निवड, विजेत्याला शेवटची, अशा सात फेऱ्या. (आयएसएलच्या सुरुवातीच्या हंगामांत भारतीय खेळाडूंसाठी ड्राफ्ट होत असे, त्यामुळे शब्द आपल्याला अगदीच परका नाही.) १९९६ मध्ये संघ ३० होते, पहिल्या फेरीत प्रत्येक निवडीला १५ मिनिटं मिळत, दुसऱ्या फेरीत १० आणि पुढे ५. निवडींची अदलाबदल करता येते, पुढच्या वर्षाच्या निवडीही विकता येतात. ज्या विद्यार्थी-खेळाडूचं नाव एका क्लबने घेतलं, त्याच्याशी करार करण्याचा हक्क त्याच क्लबचा.

अधिकार कसा सरकत गेला

पार्सेल्स जानेवारी १९९३ मध्ये आले तेव्हा पॅट्रियट्सनी आदल्या हंगामात १६ पैकी २ सामने जिंकले होते. न्यूयॉर्क जायंट्सना त्यांनी दोन सुपर बोल जिंकून दिले होते, त्यामुळे तेव्हाचे मालक जेम्स ऑर्थवाइन यांनी त्यांना जवळपास मोकळं रान दिलं. पहिल्या तीन ड्राफ्टवर पार्सेल्स यांचीच छाप आहे. १९९३ मध्ये पहिल्याच क्रमांकावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ड्रू ब्लेडसो, मग ख्रिस स्लेड, आणि आठव्या फेरीत (त्या वर्षी फेऱ्या आठ होत्या), म्हणजे १९८ व्या क्रमांकावर ट्रॉय ब्राऊन. १९९४ मध्ये विली मॅकगिनेस्ट. १९९५ मध्ये टाय लॉ, टेड जॉन्सन आणि तिसऱ्या फेरीत कर्टिस मार्टिन. फसलेल्या निवडीही होत्या. १९९४ च्या दुसऱ्या फेरीत घेतलेला रिसीव्हर केव्हिन ली काहीच करू शकला नाही. पण एकूण हिशेब उत्तम म्हणावा असाच आहे.

जानेवारी १९९४ मध्ये क्राफ्ट यांनी १७ कोटी २० लाख डॉलर मोजून क्लब घेतला. एनएफएलच्या संघासाठी तोवर एवढी किंमत कुणीच दिली नव्हती. त्याच वर्षी लीगमध्ये सॅलरी कॅप आली, संघाच्या एकूण पगारावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा. ती आल्यावर चुकीच्या निवडीची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागू लागली. करारावर सही करताना दिलेला बोनस कॅपच्या हिशेबात कराराच्या सगळ्या वर्षांवर वाटला जातो, आणि खेळाडूला मध्येच काढलं तर उरलेला भाग क्लबच्याच अंगावर पडतो. तोवर कोच राहिलेला असतो की गेलेला, याच्याशी हिशेबाला देणंघेणं नसतं.

१९९४ मध्ये १०-६ (दहा विजय, सहा पराभव) अशी झेप घेतलेला संघ १९९५ मध्ये ६-१० वर घसरला. त्यानंतर दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. एक, पार्सेल्स यांनी आपल्या पाच वर्षांच्या करारातून शेवटचं, म्हणजे १९९७ चं वर्ष काढून घेतलं. बदल्यात १९९७ मध्ये दुसऱ्या क्लबला प्रशिक्षण द्यायचं तर पॅट्रियट्सची परवानगी लागेल, असं कलम आलं. दोन, ड्राफ्टचा अंतिम शब्द ग्रिअर यांच्याकडे गेला.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. ज्या कोचने आपला मुक्काम एका हंगामापुरता आहे असं लेखी दिलं, त्याच्या हातात चार-पाच वर्षं निभवायची निवड ठेवायची का? क्राफ्ट यांचं उत्तर ‘नाही’ होतं आणि आमच्या मते ते बरोबर होतं. यात पार्सेल्स यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. एका वर्षाचं क्षितिज असलेला कुणीही शहाणा माणूस सप्टेंबरमध्ये मैदानात उतरू शकेल असाच खेळाडू मागणार. रिसीव्हर तयार व्हायला वेळ लागतो हा त्या काळचा रूढ समज होता, आणि बचावात माणूस कमी होता हेही खरं.

चूक झाली ती पुढे. अधिकार हलवला, पण मतभेद झाला तर तो कुठल्या खोलीत, कधी आणि कुणी सोडवायचा हे ठरलं नाही. तीन वर्षं ज्या टेबलावर आपला शब्द शेवटचा होता, त्याच टेबलावर सगळ्या सहकाऱ्यांदेखत पार्सेल्स यांना मागे सारलं गेलं, तेही वेळ मोजली जात असताना. एवढ्या मोठ्या अधिकाराची फेररचना व्हायला हवी होती फेब्रुवारीत, इंडियानापोलिसच्या कम्बाइनआधी (ड्राफ्टपूर्वी खेळाडूंच्या होणाऱ्या सामायिक चाचण्या), बंद दाराआड.

सात आणि तेहतीस यांतलं अंतर

आता खेळाडूंकडे बघू. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजमध्ये जिमी जॉन्सन यांच्या काळात निवडींची किंमत गुणांत मांडणारा एक तक्ता तयार झाला आणि हळूहळू सगळ्या क्लबांत फिरू लागला. त्यात पहिली निवड ३००० गुणांची, सातवी १५०० ची, विसावी ८५० ची आणि तेहतिसावी ५८० ची. ब्रॅकन्स प्रत्यक्षात कितव्या क्रमांकावर गेला? तेहतिसाव्या. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं.

म्हणजे सातव्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं असतं तर तक्त्याप्रमाणे ९२० गुण पाण्यात गेले असते. खाली सरकून घेणं हा शहाणा मार्ग होता, पण त्याला समोर गिऱ्हाईक लागतं. विसाव्या क्रमांकावर उतरायचं तर वर ६५० गुणांचा मोबदला, म्हणजे जवळपास पहिल्या फेरीच्या शेवटची आणखी एक निवड, मिळायला हवा. असा सौदा पंधरा मिनिटांत जमत नाही. दोन-तीन क्लबांशी आठवडाभर आधी बोलून ‘अमुक खेळाडू शिल्लक असेल तर अमुक किंमत’ असं ठरवून ठेवावं लागतं. कोचला खाली सरकायचं आहे आणि निवड-प्रमुखाला सातवरच खेळाडू घ्यायचा आहे, अशा अवस्थेत तो फोन करणार कोण?

पॅट्रियट्सची स्वतःची दुसऱ्या फेरीतली निवड ३६ वी होती, हे सहसा कुणी सांगत नाही. ब्रॅकन्स तीन जागा आधी गेला. ३६ वरून ३२ वर चढायला तक्त्याप्रमाणे सुमारे ५० गुण लागतात, म्हणजे चौथ्या फेरीतली एखादी निवड. ग्लेन की ब्रॅकन्स हा वाद ज्या कटुतेने घातला गेला, त्याऐवजी ‘ग्लेन आणि मग ब्रॅकन्स’ ही आखणी किमान कागदावर तरी शक्य होती. अर्थात हे मागे वळून बोलणं झालं. त्या दिवशी ब्रॅकन्स कुठवर टिकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो सौदा झाला असता तर ३६ व्या क्रमांकावर मिळालेला लॉयर मिलॉय हातचा गेला असता. मिलॉय पुढे चार वेळा ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. म्हणून हा हिशेब ‘काय करायला हवं होतं’ यापेक्षा ‘काय बोललंच गेलं नाही’ हे दाखवायला उपयोगी आहे.

मैदानावरचा निकाल ग्रिअर यांच्या बाजूने लागला. प्रशिक्षण शिबिरात ग्लेनचा स्नायू दुखावलेला असताना पार्सेल्स यांनी पत्रकारांसमोर त्याचा उल्लेख ‘ती’ असा केला आणि क्राफ्ट यांनी त्याबद्दल जाहीर नापसंती दाखवली. ड्राफ्टमधल्या भांडणाची झळ अशी नवख्या खेळाडूला बसते. पण हंगाम सुरू झाल्यावर ग्लेनने ९० झेल घेतले, ११३२ यार्ड कमावले. नवख्याचे ९० झेल हा तेव्हाचा लीगमधला विक्रम होता. ब्लेडसोला लांब पल्ल्याचा साथीदार मिळाला आणि संघ ११-५ वर पोचला. सुपर बोलच्या आधीचा सामना जॅक्सनव्हिलशीच झाला, ब्रॅकन्स समोरच्या संघात होता, आणि पॅट्रियट्स २०-६ ने जिंकले. ब्रॅकन्सही काही फुकट गेला नाही. कारकिर्दीत ५५ सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), १९९९ मध्ये प्रो बोल. कोचची नजर वाईट नव्हती. नजरेतला खेळाडू सातव्या क्रमांकाच्या मोलाचा नव्हता, एवढंच.

२६ जानेवारी १९९७ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रीन बेने ३५-२१ असं हरवलं. ३१ तारखेला पार्सेल्स यांनी राजीनाम्याच्या पत्रकार परिषदेत एका मित्राचा म्हणून दाखला दिला : स्वयंपाक करायला सांगता, तर निदान थोडा बाजार तरी करू द्या. हे वाक्य इतकं गाजलं की कोचच्या अधिकाराबद्दलची अमेरिकेतली प्रत्येक चर्चा आजही तिथूनच सुरू होते. वाक्य झकास आहे, पण युक्तिवाद म्हणून अपुरं. त्यात पैसे कुणाचे आणि उरलेला माल पुढे कुणाच्या फडताळात राहणार, हे येत नाही.

पार्सेल्स यांना न्यूयॉर्क जेट्सकडे जायचं होतं आणि करारातलं ते कलम आडवं आलं. जेट्सनी आधी त्यांचे सहायक बिल बेलिचिक यांना कोच नेमून पार्सेल्स यांना ‘सल्लागार’ करायचा खेळ करून पाहिला. शेवटी लीगचे आयुक्त पॉल टॅगलियाबू यांनी तोडगा काढला : जेट्सनी १९९७ ची तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतली, १९९८ ची दुसऱ्या आणि १९९९ ची पहिल्या फेरीतली निवड पॅट्रियट्सना द्यावी, शिवाय त्यांच्या धर्मादाय संस्थेला ३ लाख डॉलर.

कोचचा शब्द जिथे सोन्यासारखा असतो

सातव्या निवडीच्या गोंगाटात त्याच ड्राफ्टची तिसरी फेरी झाकली गेली. ८६ व्या क्रमांकावर पॅट्रियट्सनी ॲरिझोना विद्यापीठाचा टेडी ब्रुस्की घेतला. महाविद्यालयात तो क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा लाइनमन होता, ५२ सॅकची त्याच्या नावावर नोंद होती. पण एनएफएलच्या लाइनमनसाठी अंगाने लहान. त्याला जागा बदलून लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे खेळणारा) केलं गेलं, आणि पुढे तीन विजेत्या संघांचा तो कणा ठरला.

पहिल्या दहा क्रमांकांत कोचच्या मताची भर त्या मानाने कमी असते. तिथले खेळाडू सगळ्या स्काउटनी, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनी, दोन-तीन वर्षं पाहिलेले असतात, आणि ग्लेन धावतो कसा हे कळायला खास विद्या लागत नाही. तिसऱ्या ते पाचव्या फेरीत मात्र प्रत्येक खेळाडूत काहीतरी उणं असतं. कुणाची उंची कमी, कुणी एकच काम करू शकतो, कुणाची जागाच लीगमध्ये नाही. अशा वेळी ‘याचं मी काय करीन’ हे फक्त कोच सांगू शकतो. स्काउटच्या लेखी ब्रुस्की म्हणजे वजन कमी असलेला डिफेन्सिव्ह एंड. त्याचा लाइनबॅकर होईल हा अंदाज शिकवणाऱ्याकडूनच यावा लागतो. गंमत अशी की बहुतेक कोच पहिल्या फेरीसाठी भांडतात आणि चौथ्या फेरीत कॉफी प्यायला उठतात.

शिवाय वेळेचाही प्रश्न आहे. स्काउट ऑगस्टपासून महाविद्यालयं फिरत असतात. कोचचा हंगाम जानेवारीत संपतो, खोलवर गेलात तर फेब्रुवारीत. मग कम्बाइन, मग विद्यापीठांतल्या चाचण्या, आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट. म्हणजे हातात जेमतेम दहा-अकरा आठवडे. एवढ्यात कोच फार तर काही डझन खेळाडूंच्या फिती नीट पाहू शकतो, आणि नुकतंच पाहिलेलं डोळ्यांत भरतं : चाळीस यार्डांची धाव, मुलाखतीतला रुबाब. यादीचा क्रम अशा मतावर हलवणं धोक्याचं असतं.

याच ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत आणखी एक धडा होता. नेब्रास्काचा ख्रिश्चन पीटर घेतला गेला, आणि महिलांवरील हिंसेसह त्याच्यावरच्या गुन्ह्यांचा गवगवा होताच आठवड्याच्या आत क्लबने त्याचे हक्क सोडून दिले. निवड वाया गेली. मालकाला नकाराधिकार हवाच, पण तो यादी तयार होताना वापरायचा. नाव पुकारून झाल्यावर त्याचा उपयोग फक्त लाज राखण्यापुरता.

लंबक दुसरीकडे

पार्सेल्स यांच्या जागी पीट कॅरोल आले आणि ड्राफ्टची सूत्रं ग्रिअर यांच्याकडेच राहिली. १०-६, ९-७, ८-८ : तीन वर्षांत संघ पायरी-पायरीने उतरला. १९९७ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला कॉर्नरबॅक ख्रिस कँटी दोन हंगामांत बाहेर. जेट्सकडून मिळालेल्या १९९९ च्या निवडीवर घेतलेला अँडी कॅट्झनमॉयर मानेच्या दुखापतीने दोन वर्षांत संपला. हे दुर्दैव, त्याचा दोष ग्रिअर यांना देता येत नाही. डेमियन वुडी आणि केव्हिन फॉक ही त्याच वर्षाची चांगली नावं. पण १९९३ ते ९६ मधली घनता पुन्हा दिसली नाही, आणि कोचच्या योजनेशी न जुळणाऱ्या निवडींवर टोकणारं वजनदार माणूस टेबलावर नव्हतं. २००१ चा हंगाम जिंकलेल्या संघात मॅकगिनेस्ट, लॉ, जॉन्सन, ब्राऊन, मिलॉय आणि ब्रुस्की होते. ते सगळे पार्सेल्स खोलीत असतानाचे.

उलट जेट्समध्ये बाजाराची पिशवी पूर्ण पार्सेल्स यांच्या हातात आली तेव्हा? १९९७ ची पहिली निवड त्यांच्याकडे होती. ती विकून ते सहाव्या आणि मग आठव्या क्रमांकावर उतरले आणि लाइनबॅकर जेम्स फॅरिअर घेतला. पहिल्या क्रमांकावर गेलेला ऑरलँडो पेस पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. फॅरिअरही उत्तम निघाला, पण पिट्सबर्गला गेल्यावर. तरी १-१५ चा संघ एका वर्षात ९-७ झाला, हे विसरून चालणार नाही. पूर्ण अधिकार असलेला कोच बहुधा हेच करतो : पुष्कळ कामाचे खेळाडू लगेच, मोठा हिरा क्वचित.

१९९६ च्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सनी जे केलं ते तुलनेसाठी महत्त्वाचं आहे. मालक आर्ट मॉडेल यांचा ओढा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) लॉरेन्स फिलिप्सकडे होता. संघाला रनिंग बॅकची गरजही होती. खेळाडू-निवड सांभाळणारे ऑझी न्यूसम यांच्या यादीत जोनाथन ऑग्डेन वर होता. न्यूसम यादीवर ठाम राहिले, मॉडेल यांनी त्यांना राहू दिलं, आणि २६ व्या क्रमांकावर त्यांनी रे लुइस घेतला. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. फिलिप्स सहाव्या क्रमांकावर गेला आणि त्याची कारकीर्द लवकरच विस्कटली. यादीचा क्रम राखणारा माणूस एकच आणि तो सगळ्यांना मान्य, एवढाच या दोन खोल्यांतला फरक.

मग व्यवस्था कशी लावावी

आमच्या मते कोचच्या अधिकाराचं माप त्याच्या कराराच्या उरलेल्या वर्षांवर ठरावं. एक वर्ष उरलं असेल तर त्याला सल्ल्याचा हक्क, निर्णयाचा नाही. तीन किंवा जास्त असतील तर पुढची रचना चालते.

फेब्रुवारीत, खेळाडूंची नावं समोर येण्याआधी, कोचने प्रत्येक जागेसाठी एक पान लिहून द्यावं : पहिल्या वर्षी या माणसाने कोणतं काम करायचं, किमान उंची-वजन-वेग किती, काय शिकवता येईल आणि काय मुळात असलंच पाहिजे. स्काउटनी गुण या पानाप्रमाणे द्यावेत. गुणांचे पट्टे करावेत. एका पट्ट्यातल्या खेळाडूंमध्ये निवड कोचची, दोन पट्ट्यांमधली निवड निवड-प्रमुखाची. ब्रॅकन्स आणि ग्लेन एकाच पट्ट्यात असते तर पार्सेल्स यांचं म्हणणं चालायला हवं होतं. नसते, तर वादच नव्हता. कोचला दोन-तीन लेखी नकार द्यावेत, ‘हा माणूस मी खेळवणार नाही’ असे. नकोसा खेळाडू लादला तर तो बाकावर बसतो आणि त्याचा बोनस कॅप खात राहतो. चौथ्या फेरीपासून पुढे मात्र एक-दोन निवडी पूर्णपणे कोच आणि त्याच्या सहायकांच्या हवाली कराव्यात.

यादी ड्राफ्टच्या चार दिवस आधी गोठवावी. त्यानंतर फक्त वैद्यकीय किंवा पोलिसी बातमीनेच ती हलावी. खाली-वर सरकण्याच्या किमती त्याच बैठकीत लिहाव्यात आणि फोन कुणी करायचा तेही. मालकाला काही बोलायचं असेल तर तेही तिथेच.

ही रचना जिथे ढासळते ते ठिकाण म्हणजे अमाप यश. बेलिचिक जानेवारी २००० मध्ये पॅट्रियट्सकडे परतले. त्यांच्यासाठी क्राफ्ट यांनी जेट्सना पहिल्या फेरीतली निवड दिली, आणि पार्सेल्स यांना जे नाकारलं होतं ते सगळं बेलिचिक यांना दिलं. ते चाललं, कारण त्यांचा मुक्काम लांबचा होता आणि खेळाडू-निवड सांभाळणाऱ्या स्कॉट पिओली यांच्यासारखा तोलाचा माणूस शेजारी होता. सहा सुपर बोल आले. पिओली २००९ मध्ये गेले. हळूहळू ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलं नाही. २०१९ मध्ये ३२ व्या क्रमांकावर घेतलेला रिसीव्हर एन’कील हॅरी तीन हंगामांनंतर सातव्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात शिकागोला गेला; त्याच्यामागून डीबो सॅम्युएल, ए. जे. ब्राऊन आणि डीके मेटकाफ गेले होते. २०२३ चा ४-१३ हंगाम संपल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, बेलिचिक बाहेर पडले.

अँडी रीड यांनी उलटा प्रवास केला. फिलाडेल्फियात कोचपद आणि खेळाडूंवरचा अंतिम शब्द दोन्ही त्यांच्याकडे होते. २०१३ मध्ये कॅन्सस सिटीला जाताना त्यांनी दुसरी जबाबदारी जनरल मॅनेजरवर सोडली. २०१७ मध्ये क्लब २७ वरून १० वर चढला, पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली निवडही दिली, आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स घेतला. पहिलं वर्ष त्याला जवळजवळ पूर्ण बाकावर ठेवलं. एका हंगामाचा करार उरलेल्या कोचने हे केलं असतं का?